हाकेला ओ

भोकरदन तालुक्यातील आमचे हसनाबाद समुद्रकिनाऱ्यापासून सरळ रेषेत मोजले तरी सुमारे तीनशे किलोमीटर दूर पडते. गिरजा आणि पूर्णा या आमच्या मुलखातील नद्या श्रावणात थोडा रुबाब दाखवितात. होळी उलटली की त्यांच्या पात्रातून बैलगाडी, आणि आता मोटारसायकल, खुशाल पलीकडे जाते. सागर, तरंग, नौका, कर्णधार हे शब्द मी तीसहून अधिक वर्षे संस्कृतच्या तासाला मुलांकडून घोकवून घेतले, आणि त्यांतील बहुतेक मुलांनी ते समुद्र न पाहताच पाठ केले. अशा गावातील एका घरात गेले दोन महिने जेवणाच्या पंगतीवर 'ईपर्ब', 'पीएलबी' असले शब्द वरणभाताबरोबर फिरत आहेत, याचे वाचकांस नवल वाटेल. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा ठाण्यास असतो. पेशाने तो इंजिनिअर आहे. त्याने व त्याच्या तिघा स्नेह्यांनी मिळून एक जुनी शिडाची नौका विकत घेतली असून दिवाळीनंतर, वारे निवळल्यावर, ती मुंबईहून गोव्यास न्यावयाची असा त्यांचा बेत आहे. वाट दोनशेहून अधिक सागरी मैलांची. नौकेवर संकटसूचक यंत्र असावे यावर चौघांचेही एकमत होते. ते कोणते असावे यावर चौघांची चार मते होती. तेव्हा चिरंजीवांनी माहितीपत्रके आणि नियमांची कागदपत्रे यांचा एक जाडजूड गठ्ठा मजकडे पाठविला आणि फोनवर सांगितले, "काका, तुम्ही हे एकदा नीट वाचा आणि काय घ्यावे ते सांगा." आमच्या घरी विजेचे बिल बंधूंकडे जाते आणि वाचावयास कंटाळवाणे असे जे जे काही येते ते मजकडे येते, ही जुनी वहिवाट आहे.

प्रथम मला नावाचीच अडचण पडली. इंग्रजीत या यंत्रास 'बीकन' म्हणतात आणि कोशात त्याचा अर्थ दीपस्तंभ असा दिलेला असतो. पण दीपस्तंभ किनाऱ्यावर उभा राहतो आणि नौकेला वाट दाखवितो; येथे तर उलटा प्रकार आहे. दिवा बुडणाऱ्याच्या हाती आणि तो पाहावयाचा किनाऱ्याने! मला वाटते, हा दिवा नव्हेच, ही हाक आहे. दुरून हाक मारताना वाक्याच्या शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, करावा असा नियम पाणिनीने सांगून ठेविला आहे. पलीकडच्या काठावरील नावाड्यास बोलाविणारा अडाणी माणूसही तो नियम न शिकता पाळतो. परंतु स्वर तीन मात्रांचा केला काय की तीस मात्रांचा केला काय, त्या काठावर कान असावा लागतो, आणि त्या कानाला ही हाक कोणाची हे कळावे लागते. यंत्राच्या निवडीचा सारा प्रश्न मला पुढे या दोन गोष्टींत सापडला.

कान नसला म्हणजे काय होते हे महाराष्ट्राने एकदा फार भयंकर रीतीने पाहिले आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, 'रामदास' ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात कलंडून थोड्याच अवधीत तळाला गेली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. मुंबई शहर तेथून काही मैलांवर होते. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, आणि ही वार्ता मुंबईस पोहोचली ती दुपार टळल्यावर, पोहून जीव वाचविलेल्या लोकांच्या तोंडून. तोवर शहराचे सर्व व्यवहार नित्याप्रमाणे चालू होते.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा अंत झाला. एक जण पोहत काठाला लागला आणि त्याच्याकडून लोकांस कळले. सत्त्याहत्तर वर्षांनंतरही वार्ताहर तोच, पोहणारा माणूस! मात्र एवढे सांगितले पाहिजे की, धरणाच्या पाण्यावर उपग्रहाशी बोलणाऱ्या यंत्राचा शोध घेत बसण्यापूर्वी अंगात तरंगते जाकीट असावे. नाथसागरावर किंवा अन्यत्र मुलाबाळांसह होडीत बसणाऱ्या आमच्या वाचकांनी जाकीट नसेल तर होडीत बसू नये. नावाड्याला राग आला तर येऊ द्यावा.

खुल्या समुद्राची गोष्ट वेगळी. किनारा सोडून थोडे अंतर गेले की हातातील मोबाईल मुका होतो. नौकेवरील व्हीएचएफ रेडिओ उपयोगाचा खरा, पण त्याची धाव साधारणपणे दृष्टीच्या टप्प्याइतकी. उंच मनोऱ्याशी वीसेक मैल, आणि दोन लहान नौकांमध्ये त्याहून पुष्कळच कमी. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले तेव्हा केरळ व तामिळनाडूकडील मच्छीमारांच्या अनेक नौका भरकटत सिंधुदुर्गात देवगडच्या आश्रयाला आल्या. माणसे देवगडास सुखरूप, आणि घरी त्यांच्या नावाने आकांत, असा प्रकार किती घरी झाला असेल!

या अडचणीवर जगाने जो उपाय काढला तो ऐकून मला फार समाधान वाटले. १९७९ साली अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स या चार देशांनी मिळून 'कॉस्पास-सारसॅट' नावाची व्यवस्था ठरविली. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्या दोन सत्तांनी, कोणीही बुडत असला तरी त्याची हाक आपण दोघेही ऐकू, असे लेखी ठरवावे हे मला आश्चर्याचे वाटते. सप्टेंबर १९८२ मध्ये या व्यवस्थेने कॅनडात पडलेल्या एका विमानातील तिघांना वाचविले, ते पहिले. आज भारतही तीत आहे. यंत्र सुरू झाले की ते ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण पन्नास सेकंदांस एकदा, अर्धा सेकंदभर, आपली खूण आकाशात पाठविते. उपग्रह ती झेलून भूकेंद्राकडे देतात. आपल्याकडे अशी केंद्रे बंगळूर व लखनौ येथे आहेत. तेथून ती बंगळूर येथील 'इस्रो'च्या नियंत्रण केंद्रात जाते, आणि आपल्या पश्चिम समुद्रातील हाक असेल तर तटरक्षक दलाच्या मुंबई येथील बचाव-समन्वय केंद्राकडे. यंत्रात स्वतःचे ठिकाण ओळखण्याची सोय असेल तर जागा सुमारे शंभर मीटरांपर्यंत कळते. नसेल तर उपग्रह गणिताने जे ठिकाण काढतात त्यात काही किलोमीटरांचा फरक पडू शकतो. लाटांत माणसाचे डोके नारळाएवढे दिसते, तेव्हा या फरकाचा अर्थ निराळा समजावयास नको. ठिकाण न सांगणारे यंत्र घ्यावयाचे नाही, हे माझ्या टिपणातील पहिले वाक्य होते.

आता प्रकार. 'ईपर्ब' हे नौकेचे यंत्र. ते आपल्या खोबणीतून निघून पाण्यात पडले की आपोआप बोलू लागते, तरंगत राहते आणि निदान अठ्ठेचाळीस तास बोलते. मोठ्या जहाजांवर त्यास पाण्याच्या दाबाने सुटणारी कळ जोडतात, ती सुमारे दीड ते चार मीटर खोलीवर यंत्र मोकळे करते. पण शिडाच्या लहान नौकेत दोरखंडांच्या जाळ्यात ते अडकून बसण्याचे भय असते, म्हणून हाताशी, जिन्याजवळ ठेवावे हे बरे. 'पीएलबी' हे माणसाचे यंत्र. ते खिशात किंवा जाकिटात बसते, पण ते स्वतः होऊन काही करीत नाही. कळ माणसाने दाबावी, तार माणसाने उभी करावी आणि तोंड आकाशाकडे धरून ठेवावे. आयुष्य चोवीस तास. थंडीने बोटे वळत नसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा मोठी आहे, तरी रात्री एकटा पहारा करणारा जर पाण्यात गेला तर नौकेवरील ईपर्ब त्याच्या काय कामाचे? म्हणून पहाऱ्यावरील माणसाच्या अंगावर पीएलबी हवेच. शिवाय जवळच्या नौकांच्या पडद्यावर आपली खूण उमटविणारी जी 'एआयएस'ची सोय असते तीही हवी. कारण अशा वेळी बंगळूर फार दूर, आणि झोपलेला मित्र दोनशे हातांवर असतो. मोठ्या जहाजांवर नव्याने बसवावयाच्या ईपर्बमध्ये ही सोय १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीची झालीच आहे.

मच्छीमार बांधवांसाठी 'इस्रो'ने 'डॅट' नावाचे स्वतंत्र यंत्र २०१० पासून दिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याची जी सुधारलेली दुसरी पिढी आली तिच्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे हाकेला ओ मिळते: तुमचा संदेश पोहोचला, असे उलट कळविले जाते. बुडणाऱ्याला एवढे कळले की तो आणखी काही तास धीर धरतो, हे सांगावयास मानसशास्त्र नको. हे यंत्र मासेमारी नौकांसाठी असल्यामुळे आमच्या मंडळींच्या निवडीत ते आले नाही. तशीच पोच देणारी सोय काही नव्या ईपर्ब-पीएलबींतही असते, मात्र त्या देशाने ती मान्य केलेली असावी लागते.

येथवर सर्व सुरळीत होते. घोटाळा पुढे होता. विकत घेतलेल्या नौकेच्या पेटीत एक नारिंगी रंगाचे जुने संकटसूचक यंत्र निघाले होते. कळ दाबली की दिवा लुकलुकतो, तेव्हा खर्च कशाला, असे चौघांपैकी एकाचे म्हणणे. त्याच्यावरील बारीक अक्षरे मी छायाचित्र मोठे करून वाचली: ते केवळ १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलणारे होते. या जुन्या लहरी ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले आहे. आजच्या यंत्रांतही त्या असतात, पण त्या जवळ आलेल्या विमानाला वा नौकेला वास लावीत यावयास उपयोगी पडाव्यात एवढ्यापुरत्या. म्हणजे दिवा लागतो, यंत्र बोलते, आणि वर कोणी ऐकत नाही! सुखरूप असल्याचा भास देणारी अशी वस्तू नौकेवर मुळीच नसावी. ती बॅटरी काढून शोभेला ठेवा, असे मी लिहिले.

दुसरे म्हणणे अमेरिकेतील एका नातलगाचे. तिकडे यंत्र स्वस्त मिळते, मी येताना आणतो, असा त्यांचा प्रेमळ निरोप. वाचकहो, यंत्रालाही गोत्र असते, हे मला येथे कळले. प्रत्येक यंत्राच्या पोटात पंधरा अंकाक्षरांची एक ओळख कोरलेली असते आणि तिच्यात देशाचा संकेतांक असतो. भारताचा ४१९. अमेरिकेत विकले जाणारे यंत्र अमेरिकेच्या संकेतांकाने, उदाहरणार्थ ३६६ ने, बोलते. ते हर्णैसमोर बोलू लागले तरी ठिकाण कळेल, मदतही निघेल. पण हा कोण, याची नोंद शोधावयाची ती अमेरिकेच्या वहीत. लग्नात मुलीचे गोत्र बदलते तसे यंत्राचेही अधिकृत दुकानदाराकडून बदलून घेता येते, पण मग स्वस्ताई ती काय राहिली? त्याच नातलगांनी सुचविलेले उपग्रहावरून निरोप पाठविणारे छोटे यंत्र तर आम्ही लगेच बाजूस सारले. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या पूर्वपरवानगीवाचून उपग्रह-दूरध्वनी वा तसले साधन बाळगणे हा गुन्हा आहे, आणि न समजता आणणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही विमानतळावर त्याचा प्रसाद मिळाला आहे.

यंत्र उत्तम असले, हाक ऐकली गेली, तरी हात लगेच पोहोचतो असे नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी यांनी ती कोठेही न थांबता केली. हेच टॉमी २०१८ मध्ये 'तुरीय' या, तीही गोव्यातच बांधलेल्या, नौकेतून पुन्हा एका प्रदक्षिणेच्या शर्यतीस निघाले असता २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर इजा झाली, उठवेना. पर्थपासून ते सुमारे १९०० सागरी मैल दूर होते. ठिकाण जगाला ठाऊक होते, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका डोळ्यांनी पाहिलीही. तथापि 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचले ते २४ सप्टेंबरला. आमच्या मंडळींची वाट किनाऱ्याकिनाऱ्याने आहे, तेथे तीन दिवस लागणार नाहीत. तरी यंत्राच्या पिशवीत पाणी, शिटी, आरसा आणि औषध असावे, हे मी टिपणात ठळक लिहिले. चिरंजीवांनी विचारले, आरसा कशाला? शोधावयास आलेल्या वैमानिकाच्या डोळ्यांत ऊन पाडावयास, असे मी सांगितले. शाळेत पोरे मला तो त्रास फार देत असत.

आता नोंदणीचा अर्ज. माझ्या मते यंत्रापेक्षा महत्त्वाचा कागद हाच आहे, आणि लोक तो सर्वांत शेवटी, घाईने भरतात किंवा भरतच नाहीत. भारतीय संकेतांकाचे यंत्र घेतले की त्याची नोंद बंगळूरच्या त्याच केंद्राकडे करावयाची असते: नौकेचे नाव, रंग, लांबी, मालक, आणि संकटसमयी कोणास फोन करावा त्यांची नावे व क्रमांक. कारण असे की, येणाऱ्या हाकांपैकी बहुतेक चुकून निघालेल्या असतात; कोणी यंत्र धुताना कळ दाबतो, कोणी भंगारात टाकतो. म्हणून खूण आली की केंद्रातील माणूस प्रथम घरी फोन लावतो. नौका समुद्रात आहे काय? किती जण आहेत? कोठून निघाली, कोठे जाणार? घरून नीट उत्तर मिळाले तर शोधाला दिशा मिळते. नौका बंदरात उभी आहे असे कळले तर 'लांडगा आला'ची धावपळ वाचते. आकाशातील उपग्रहांपासून निघालेली ही साखळी अशा रीतीने शेवटी कोणाच्या तरी ओसरीवर येऊन टेकते. आमच्या बाबतीत ती ओसरी हसनाबादची.

पहिला क्रमांक ठाण्याच्या सूनबाईंचा, यात वाद नव्हता. दुसरा कोणाचा? बंधूंचा फोन पूजेला बसताना मुका होतो आणि पुष्कळदा दुपारपर्यंत मुकाच राहतो. माझी झोप सावध आहे, पण उजवा कान तितकासा राहिला नाही. चिरंजीवांची आई म्हणाली, "माझा लिहा." यावर बंधू एकदम म्हणाले, तिचा नको. रात्री दोन वाजता परका माणूस विचारणार, तुमचा मुलगा समुद्रात आहे काय. ती काय उत्तर देणार?

आपल्या घरांतून ही रीत जुनी आहे. वाईट वार्ता आधी पुरुषांनी बाहेरच्या खोलीत ऐकावयाची, आपसांत कुजबुजावयाची, आणि मग चेहरा सावरून ती आत न्यावयाची. तिच्यामागे प्रेम असते, हे मी नाकारीत नाही. पण येथे फोन वार्ता सांगावयास येत नाही, विचारावयास येतो. ज्याला उत्तर ठाऊक आहे आणि जो फोन उचलतो त्याचाच क्रमांक पाहिजे. मुलगा कोठे आहे, जेवला काय, वारा कसा आहे हे रोज रात्री साडेनवाला कोण विचारते? आमच्यापैकी कोणी नव्हे. आईला धक्का बसेल हे खरे. तो आम्ही फोन उचलला तरी बसणारच आहे, आणि मधल्या वेळात घटका-दीड घटका वाया जाईल. बंधूंना हे पटावयास तीन दिवस लागले. एके दिवशी तर ते पाटावरून अर्धे उठून गेले. तिने मात्र या तीन दिवसांत कोणाशी वाद घातला नाही.

अर्जात दुसरा क्रमांक तिचा लिहिला, तिसरा माझा. देवघराबाहेरील भिंतीवर, फोन ठेवावयाच्या फळीच्या वर, मी एक कागद चिकटविला: नौका पांढरी, कडेला निळी पट्टी, माणसे चौघे, वाटेत मुरूड, जयगड, देवगड, तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, यंत्राची पंधरा अंकाक्षरे, बॅटरीची मुदत, इतर तिघांच्या घरचे फोन. यंत्रे आली आहेत, एक ईपर्ब आणि दोन पीएलबी, आणि चिरंजीवांनी नोंदणीची पोच पाठविली आहे. रविवारी मी परीक्षा घ्यावी तसे तिला प्रश्न विचारले. कागदाकडे न पाहता तिने सर्व सांगितले, बंदरे तर क्रमाने. मग म्हणाली, यात एक राहिले आहे. चौघांपैकी जो सर्वांत धाकटा, त्याला दमा आहे आणि त्याचे औषध निळ्या डबीत असते. तिने ते त्याच्या आईला फोन करून विचारून घेतले होते. मी पेन्सिल काढली आणि ते कागदावर उतरवून घेतले.